बोरुडे सरांच्या तोंडातली खडीसाखर

बोरुडे सरांची आणि माझी ओळख झाली ती मी त्यांच्याशी भांडायला गेले तेव्हा.

सोनईपासून चार-पाच मैलांवरच्या एका गावात आमची माध्यमिक शाळा. मी बदली होऊन तिथे आले त्याला जेमतेम आठवडा झाला होता. नववीच्या दोन्ही तुकड्यांचं गणित माझ्याकडे होतं. माझ्या वर्गात माशीसुद्धा विचारून बसते, अशी माझी आधीच्या शाळेत ख्याती होती आणि मला तिचा बऱ्यापैकी अभिमानही होता. तर त्या दिवशी मी 'अ' तुकडीला बीजगणित शिकवत होते आणि पत्र्याच्या पार्टिशनपलीकडे 'ब' तुकडीत बोरुडे सर भूगोल शिकवत होते. म्हणजे वेळापत्रकात तसं लिहिलं होतं. पलीकडून जो कालवा येत होता तो ऐकून तिथे शिक्षक हजर असेल असं कुणालाही वाटलं नसतं. मी दोनदा पत्रा वाजवला. तिसऱ्यांदा खडू टाकून तरातरा तिकडे गेले.

पाहते तर बाकं भिंतीला लावलेली, पोरं जमिनीवर पाच घोळके करून बसलेली आणि सगळी एकदम बोलताहेत. शेवटच्या बाकावर पांढऱ्या शर्टातले, टक्कल पडलेले, अंगानं भरलेले एक गृहस्थ एका गालात काहीतरी धरून शांत बसले होते. मी म्हटलं, "सर, हा काय प्रकार आहे?" त्यांनी गालाकडे बोट दाखवलं आणि पंजा वर केला. थांबा! मी थांबले. माझा राग चढत होता आणि त्यांचा गाल हळूहळू उतरत होता. मिनिटभरानं ते उठले, हात जोडले आणि म्हणाले, "बोला मॅडम. माफ करा, तोंडात खडीसाखर होती."

"वर्गात खाता तुम्ही?"

"खात नाही, धरतो. ती विरघळेपर्यंत मी बोलायचं नाही, असा माझा मलाच दंडक आहे."

मी गोंगाटाचं बोलले. ते म्हणाले, "गोंगाट लांबून वाटतो. हितं दोन मिनिटं बसून ऐका." मी बसले नाही, पण जवळच्या घोळक्यातलं कानावर पडलंच. एक मुलगी शेजारच्या पोराला विचारत होती, "तुझं म्हननं असं का, की धरन झालं म्हनून खालच्या गावांचं पानी कमी झालं?" पोरगा म्हणाला, "व्हय, बराबर." मुलगी म्हणाली, "मंग आता माझं ऐक." आणि तो खरोखरच ऐकायला लागला. हे जरा नवीन होतं. पण भांडायला आलेल्या माणसानं इतक्या लवकर नरम पडू नये, म्हणून मी "माझ्या तासाला आवाज कमी ठेवा" असं सुनावून परत आले.

पुढच्या महिनाभरात मला जे कळलं त्यानं मी चाटच पडले. वर्गात तोंड बंद ठेवून बसणारा हा माणूस पंचक्रोशीतला सगळ्यात गाजलेला वक्ता होता. निरोप समारंभ असो, सोसायटीचं उद्घाटन असो, कुणाचा दशक्रिया विधी असो, बोरुडे सर बोलायला असले की लोक चटईवर पुढे सरकून बसत. हसवता हसवता डोळ्यांत पाणी आणणं त्यांना असं जमायचं की आयाबाया पदर हातात धरूनच बसायच्या. माइक बंद पडला तर ते खूश होत, कारण मग त्यांचा खरा आवाज लोकांना ऐकू यायचा.

मग वर्गातच काय झालं या माणसाला? मी एकदा स्टाफरूममध्ये चहा पिताना सरळ विचारलं.

"मी पंधरा वर्षं वर्गात नुसता बोललो, मॅडम," ते म्हणाले. "पोरं टाळ्या वाजवायची तेवढी बाकी राहायची. मला वाटायचं, काय शिकवतो आपण! एकदा मोसमी वारे शिकवताना मी म्हणालो, मोसमी वारे म्हणजे आमचे मेहुणे, येणार म्हणतात तेव्हा येत नाहीत आणि आले की हलत नाहीत. वर्ग लोळला हसून. सहामाहीला प्रश्न घातला, मोसमी वारे म्हणजे काय? तपासायला बसलो. सगळ्या पेपरांत मेहुणे. एकानं तर अक्कल लढवून 'आमचे' खोडून 'सरांचे मेहुणे' लिहिलं होतं. वाऱ्याचा पत्ता नाही कुठं!"

ते स्वतःच खूप हसले. मग म्हणाले, "त्या दिवशी पेपर बाजूला ठेवले आणि मला लई वाईट वाटलं. माझं बोलणं पोरांच्या डोक्यात गेलं, भूगोल नाही गेला."

दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गात गप्प बसायचं ठरवलं. घड्याळ लावून चार मिनिटं टिकले. जिभेला सवयच नव्हती. खिशात कुठल्याशा पूजेचा प्रसाद होता, त्यातला खडीसाखरेचा मोठा खडा त्यांनी तोंडात टाकला आणि पोरांना म्हणाले, तुम्हीच बोला आता. तो खडा विरघळेपर्यंत पोरांनी आपापसात निम्मा धडा लावला होता. तेव्हापासून सरांच्या पिशवीत डस्टर नसेल एक वेळ, पण खडीसाखरेची स्टीलची डबी असायचीच.

नुसतं पोरांना बोलायला सोडून देणं म्हणजे चर्चा, असा माझा समज होता. सरांचं तसं नव्हतं. ते आदल्या दिवशी घरी बसून एकच प्रश्न तयार करत. तो फळ्यावर एका ओळीत मावला पाहिजे आणि त्याचं उत्तर पुस्तकात जसंच्या तसं सापडता कामा नये. गट पाडण्यात तर त्यांची खरी करामत होती. कुणाच्या घरचं कुणाशी बांधावरून वाजलंय, हे त्यांना तलाठ्यापेक्षा जास्त ठाऊक असायचं, आणि नेमकी तीच पोरं ते एका गटात टाकत. मी म्हटलं, हे जरा अती होतंय. ते म्हणाले, "त्यांच्या बापांनी दहा वर्षांत एकमेकाचं ऐकून घेतलं नाही. पोरांनी निदान नद्यांवर तरी ऐकावं."

ऐकण्याचा नियम एकच होता. आधी त्याचं सांग, मग तुझं. समोरचा काय म्हणाला ते त्याचं समाधान होईल असं सांगायचं आणि मगच आपलं तोंड उघडायचं. आणि पाचही गट एका उत्तरावर आले की सरांचा चेहरा पडायचा. "झालं एकमत? मग काहीतरी राहिलंय," असं म्हणत ते पुन्हा डबी उघडत. पोरं कपाळाला हात लावत.

हे सगळ्यांना रुचत होतं असं नाही. पालक सभेत एकदा ओंकारचे वडील उठले. हा ओंकार वर्गाचा मॉनिटर, हुशार, घाईचा आणि आवाजानं मोठा. वडिलांचं स्टँडजवळ खतं-बियाण्यांचं दुकान. ते म्हणाले, "सर, राग मानू नका. पन पोरंच एकमेकाला शिकवत्यात तर मंग मास्तर कशाला लागतो?" सभेत हशा पिकला. मुख्याध्यापकांनी घसा खाकरला. मला वाटलं, आता बोरुडे सर त्यांना शब्दांत गुंडाळून खिशात घालतील. पण ते नुसते हसले आणि खाली बसले. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "बरोबर विचारलं हो त्यानं. मला उत्तरच सापडलं नाही."

आता काजलकडे येते, कारण सर म्हटलं की मला ती आठवतेच.

काजल नववीला होती ते सरांचं नोकरीतलं शेवटचं वर्ष. एक जून ही त्यांची जन्मतारीख. आईला पावसाळ्याच्या तोंडावर झाला एवढंच आठवत होतं, बाकीचं शाळेत नाव घालताना गुरुजींनी ठरवलं. त्या हिशेबानं ते मेअखेर निवृत्त होणार होते. त्या वर्षीच्या नववी 'ब'मध्ये बेचाळीस पोरं होती आणि त्यांत काजल सगळ्यात मागे, खिडकीखाली बसायची. पाटाच्या कडेला आजोबांबरोबर राहायची. घरी पाच-सात शेळ्या. सकाळी त्यांना चारून शाळेत यायची आणि शाळा सुटली की पुन्हा त्यांच्या मागे जायची. गटात बसायची, नियमाप्रमाणे दुसऱ्याचं अचूक सांगायची, पण स्वतःचं सांगायची वेळ आली की "माझं बी तेच" म्हणून मोकळी व्हायची.

दसरा होऊन गेला होता आणि ऊन मी म्हणत होतं. माझी 'अ' तुकडी शेवटच्या तासाला मैदानावर होती, म्हणून मी वह्यांचा गठ्ठा घेऊन सरांच्या वर्गात मागे बसले होते. एव्हाना मला त्या कालव्यात वह्या तपासायची सवय झाली होती. फळ्यावर प्रश्न होता, 'भर दुपारी आपल्या झेंड्याच्या खांबाची सावली कुठे असते?'

ओंकार म्हणाला, "ह्यात काय चर्चा? बाराला सूर्य डोक्यावर, सावली पायाखाली. म्हंजे सावलीच नसती." पाच मिनिटांत पाचही गटांचं तेच उत्तर आलं. खरं सांगते, मलाही तेच वाटत होतं. सरांनी डबीतला सगळ्यात मोठा खडा तोंडात टाकला.

आणि खिडकीखालून काजल उठली. "न्हाई. उत्तरंला असती."

वर्ग वळला. ओंकारनं लगेच नियम काढला, "आधी माझं सांग." तिनं सांगितलं, एक शब्द न चुकता. मग म्हणाली, "पन आमच्या शेळ्या दुपारी भितीला बसत्यात ना, त्या उत्तरंच्या अंगाला बसत्यात. दक्षिनंला ऊन असतं. सूर्य डोक्यावर असता तर दोन्हीकडं सारखंच असतं की."

मग कुणीतरी हळूच "ब्यॅऽ" केलं. झालं! एकाचं ऐकून दुसऱ्यानं केलं आणि अख्खा वर्ग ब्यॅ ब्यॅ करत लोळायला लागला. मी सरांकडे पाहिलं. ते अर्धवट उठले होते, एक हात वर गेला होता आणि गाल फुगलेला होता. मग त्यांनी हात खाली घेतला आणि ते बसले. ओंकारनं मत घेतलं. एक्केचाळीस विरुद्ध एक. घंटा झाली. काजलनं दप्तर भरलं आणि कुणाकडे न पाहता निघून गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी सर पोरांना मैदानात नेऊन सावली दाखवणार होते. तसं ठरवूनच त्यांनी प्रश्न काढला होता. पण काजल आली नाही. तिच्याशिवाय न्यायचं नाही म्हणून त्यांनी तो बेत पुढे ढकलला. ती तिसऱ्या दिवशीही आली नाही, चौथ्याही. निरोप आला की पोरगी शाळा सोडते म्हणते.

सर माझ्याकडे आले. "मॅडम, दुपारच्या सुट्टीत माझ्याबरोबर चला. मी एकटा गेलो तर भाषण करीन."

त्यांच्या जुन्या स्कूटरमागे माझी स्कूटी, असे आम्ही पाटाच्या कडेनं गेलो. बरोबर दुपारची वेळ होती. दोन खोल्यांचं घर, आणि घराच्या उत्तरेच्या भिंतीला लागून साऱ्या शेळ्या एका ओळीत रवंथ करत बसलेल्या. भिंतीच्या दक्षिणेला एकही नाही. सरांनी स्कूटर लावली आणि शेळ्यांकडे बघत उभे राहिले.

काजलचे आजोबा बाहेर आले. घोंगडी टाकली, पाणी दिलं. म्हणाले, "गुरुजी, तिला न्हाई यायचं तर ऱ्हाऊ द्या. आठवी झाली, लई झालं. आमच्यात एवढं बी कोनी शिकलं न्हाई. शेळ्यांमागं बी कोनतरी पायजेच. आनि हसं करून घ्यायला कशाला धाडू मी लेकराला?"

काजल दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. सरांनी तिला हाक मारली. ती जागची हलली नाही. तिथूनच म्हणाली, "सर, तुमाला ठावं हुतं ना?"

"व्हय," सर म्हणाले. "ठावं हुतं."

"मंग गप का बसले?"

इतकी वर्षं लोकांना बोलण्यानं गुंगवणारा माणूस, पण त्यांचं तोंड उघडलं आणि मिटलं. तेव्हा तोंडात खडीसाखर नव्हती. मला त्यांच्याकडे बघवेना. मग ते म्हणाले, "चुकलं माझं, पोरी. तू एकटी पडली तेव्हा थुंकायला पायजे हुती मी ती साखर. उद्या वर्गात सांगतो तसं."

निघताना मात्र सरांनी स्कूटरला किक मारायच्या आधी शेळ्यांकडे बघत विचारलं, "काजल, मे महिन्यात कुठं बसत्यात गं ह्या?" तिनं कपाळाला आठ्या घातल्या आणि आत निघून गेली. रस्त्यात मी भडकलेच. पोरगी शाळा सोडायला निघालीय आणि तुम्ही शेळ्यांची चौकशी करता? सर म्हणाले, "दुसरं काय करू? हात धरून आणली तर ती परत मागं बसून 'माझं बी तेच' म्हणंल. तिचं तिला आलं पाहिजे." मला ते अजिबात पटलं नाही आणि मी तसं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गात उभं राहून, तोंडात काही न घेता, सांगितलं की काजल बरोबर होती, मला ते माहीत होतं आणि मी गप्प बसलो ही माझी चूक. तुम्ही हसलात ती तुमची चूक. तुमचं तुम्ही बघा, माझं मी कबूल केलं. मग पोरांना मैदानात नेलं. खांबाची सावली चांगली दहा फूट लांब, उत्तरेला, पार नळाच्या दिशेनं पडली होती. ती बाराला नाही, सव्वाबाराच्या पुढे सगळ्यात आखूड झाली, हेही त्यांना तेव्हाच कळलं. कुणी ब्यॅ केलं नाही. ओंकार बराच वेळ ती सावली पायानं मोजत राहिला. मग त्यानं एक दगड आणून सावलीच्या टोकाला ठेवला. "ऱ्हाऊ द्या हितं," म्हणाला. "काजलला दाखवायला लागंल."

पण काजल कुठे होती? शनिवार गेला. सरांनी ते दोन दिवस डब्यातलं जेवण तसंच परत नेलं.

सोमवारी भूगोलाचा तास सुरू झाला आणि पार्टिशनपलीकडून मला तिचा आवाज आला. ती दारातच उभी असावी. "सर, मेमधी भितीला सावलीच नसती. भर दुपारी त्या भितीला येतच न्हाईत, बाभळीखाली जात्यात. मी आज्याला बी इचारलं. त्यो बी तेच म्हनतो."

"म्हंजे आमी बी बराबर!" ओंकार ओरडला.

"मेमधी!" काजल त्याच्यापेक्षा मोठ्यानं ओरडली. "आता न्हाई!"

मग जो कालवा उठला तो मागच्या सगळ्या कालव्यांपेक्षा मोठा होता. माझ्या फळ्यावरचं समीकरण अर्धवट राहिलं. मी पत्रा वाजवला नाही. मला इतका आनंद झाला होता की मी 'अ' तुकडीला तो तास लवकर सोडला आणि त्यांना कारणही सांगितलं नाही.

त्या दिवसापासून नववी 'ब'मध्ये एक रिवाज पडला. ज्याचं मत एकट्याचं असेल त्यानं सरांच्या खुर्चीत बसून बोलायचं, आणि त्याचं होईपर्यंत इतरांच्या तोंडात खडीसाखर आहे असं समजायचं. याचा परिणाम व्हायचा तोच झाला. खुर्चीत बसायला मिळतं म्हणून पोरं वाटेल ते बोलायला लागली. एकानं गोदावरी उलटी वाहते असं जाहीर केलं. सरांनी त्याला खुर्चीत बसवलं आणि सांगितलं, "आता कारण दे." त्याला घाम फुटला. आठवड्याभरात खुर्ची आपोआप शांत झाली. काजल मात्र वरचेवर तिथे दिसायला लागली.

दगडही वाढत गेले. रोज साडेबाराच्या सुमारास दोघं जण उठून जात आणि सावलीच्या टोकाला दगड ठेवून येत. ते नेमके माझ्या तासातून जात, त्यामुळे मी रोज कटकट करत असे आणि रोज सोडत असे. सावली लांबत लांबत खांबाएवढी झाली. संक्रांतीला सूर्य फिरतो, म्हणून दगडही तेव्हाच फिरणार अशी ओंकारसकट सगळ्यांची खात्री होती. दगड नाताळालाच माघारी निघाले. त्यावर तीन दिवस चर्चा चालली आणि मुख्याध्यापकांनी दोनदा डोकावून पाहिलं.

याच सुमारास सरांच्या रक्तात साखर निघाली. वहिनींनी डबी जप्त केली. दोन दिवस सर वर्गात फार बोलले, इतके की पोरं वैतागली. मग कुणीतरी हिरडा सुचवला. हिरड्याची सोय अशी की तो विरघळतच नाही. तास संपला तरी गालात तसाच. पोरांनी तक्रार केली की सर आता मुळीच बोलत नाहीत. मी म्हटलं, सर, हे म्हणजे वहिनींनी तुमच्या पद्धतीवर शिक्कामोर्तब केलं. ते हिरडा तोंडात असल्यामुळे नुसते मान हलवत राहिले.

एप्रिलच्या शेवटी त्यांचा निरोप समारंभ झाला. मांडव कमी पडला. सर पाऊण तास बोलले आणि मांडव हसून रडून दमला. ओंकारचे वडील पहिल्या रांगेत डोळे पुसत होते. पण सर घरी जाताना मला म्हणाले, "अजून एक तास राहिलाय माझा. मेमधला."

मे महिना निम्मा उलटल्यावर, सुट्टीत, रणरणत्या उन्हात मी शाळेत गेले. माझी केडगावच्या शाळेत बदलीची ऑर्डर आली होती आणि दाखल्यासाठी जायचंच होतं, असं मी घरी सांगितलं. मैदानात नववी 'ब' हजर होती. सगळी नाही, पण तीसेक तरी. काही सायकलवर, काही बापांच्या गाडीमागून आलेली. दगडांची ओळ आता खांबाच्या चौथऱ्याला येऊन भिडली होती. चौथऱ्यामुळे नीट दिसणार नाही म्हणून काजलनं घरून स्टीलचा उंच पेला आणला होता आणि तो सपाट फरशीवर उपडा ठेवला होता. शेजारी कुणीतरी आठवणीनं सरांची खुर्ची आणून ठेवली होती. तिच्यावर कुणी बसलं नव्हतं. सर कडुलिंबाखाली उभे होते, हात मागे बांधून, तोंड मिटून.

सव्वाबारा झाले. पेल्याची सावली बोटभर राहिली. मग दोऱ्याएवढी झाली. साडेबाराला तीन-चार मिनिटं कमी असताना ती पेल्याच्या काठाखाली गेली आणि नाहीशी झाली. पेल्याभोवती सगळीकडे सारखं ऊन. पोरांनी आधी पेल्याकडे पाहिलं, मग आपापल्या पायांकडे, आणि एकच आरडाओरडा केला.

ओंकार म्हणाला, "बघा! सावली न्हाई! आमी एक्केचाळीस जन बराबर हुतो."

"एक दिवस," काजल म्हणाली.

"चालंल की. एक दिवस तर एक दिवस!" सगळे हसले. काजलही हसली. मग ओंकारनंच विचारलं, "झालं आता सगळ्यांचं एकमत?"

"झालं," पोरं ओरडली.

"मंग काहीतरी राह्यलंय," काजल म्हणाली. ती पेल्याशेजारी उकिडवी बसली होती आणि दगडांच्या ओळीकडे बघत होती. "आरं, सूर्य अजून वर उत्तरंला चाललाय. तिकडनं माघारी येनारच ना? माघारी येताना परत हितंच डोक्यावर यील. जुलैमधी. तवा परत सावली जाईल." तिनं बोटांवर काहीतरी मोजलं. "जुलै संपायच्या आधी. तवा परत बघायला पायजे."

तिचं बरोबर होतं हे सगळ्यांना एकदम कळलं. मग मागून एक मुलगी हळूच म्हणाली, "पन जुलैत सर नसत्याल."

काजलनं वर पाहिलंसुद्धा नाही. "सर कशाला लागत्यात? खांब हाय की हितंच."

मी सरांकडे वळले. पोरीला असं बोलायचं नव्हतं, ती आपल्या विचारात होती, असं काहीतरी मी त्यांना सांगणार होते. पण सरांचा चेहरा पाहिला आणि थांबले. इतका सुखावलेला माणूस मी फार थोड्या वेळा पाहिला आहे. ओंकारच्या वडिलांनी भर सभेत विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्यांना मिळालं होतं.

तरी मी म्हटलंच, "सर, हिरडा काढा आता तोंडातून. शेवटचा तास आहे. काहीतरी बोला."

त्यांनी माझ्याकडे वळून लहान मुलासारखा आ केला. तोंडात काहीही नव्हतं.

मग ते पोरांचं लक्ष जाणार नाही अशा बेतानं मागच्या मागे निघाले. मैदानात जुलैवरून पुन्हा कालवा सुरू झाला होता. पाऊस असला तर काय करायचं, ढग आले तर सावली गेली हे कसं कळणार, असं काहीतरी. काजल सरांच्या खुर्चीत बसली होती आणि दोघं-तिघं तिच्याशी एकदम भांडत होते. फाटकाशी पोचल्यावर सरांनी वळून तिकडे एकदा पाहिलं, मान हलवली आणि स्कूटरला किक मारली.

जुलैत मी केडगावला होते. त्या आठवड्यात ढग होते का, पोरांना सावली दिसली का, ते मला माहीत नाही. सरांना फोन करून विचारलं तर म्हणाले, "मलाही माहीत नाही. पोरांना विचारा."